शिडाच्या जहाजातून पनामा कालवा

म्हापसेकर: निवृत्तीनंतर शिडाच्या जहाजातून कॅरिबियन बेटे पाहत पनामा कालवा ओलांडण्याचा आम्हा उभयतांचा विचार आहे. कालव्यातही शिडे वापरतात का आणि कोणता हंगाम योग्य ठरेल?

वास्कोकर: नाही, सुमारे 82 किलोमीटरच्या त्या मार्गावर जहाज इंजिनावर चालते. कालव्याच्या वाटेवरील ‘गातून’ नावाच्या तलावाचे गोडे पाणी पंपाविना, केवळ उताराने, दरवाजे लावलेल्या कप्प्यांत भरते आणि जहाज टप्प्याटप्प्याने 26 मीटर वर चढते. हे दृश्य चुकू नये म्हणून त्या वेळी जेवणासाठी आत जाऊन बसू नये. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असल्याने जानेवारी ते मार्च बरा.

पणजीकर: 2017 साली गोव्यातून निघालेली नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका कालवा टाळून दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून आली. उतारवयात आपण मात्र कालव्यानेच जावे.