गुप्तता हवीच, पण मुदतही सांगा
ऑफिसात अडचणीतल्या सहकाऱ्याचं ऐकून घेणारा सहकारी म्हणजे पीअर. 'पीअरने फक्त ऐकावं, सल्ला देऊ नये आणि कुठेही बोलू नये' असं एक मत आहे, आणि ते बहुतेक वेळा पटतं. घरचं आजारपण, साहेबाचा जाच, अप्रेझलची धास्ती, अशा वेळी माणसाला मोकळं व्हायचं असतं, उपाय नको असतो. एचआरपेक्षा शेजारच्या टेबलावरचा माणूस बरा वाटतो तो म्हणूनच.

पण लैंगिक छळाच्या बाबतीत नुसतं ऐकणं महागात पडू शकतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार, अशा तक्रारींसाठी ऑफिसात असलेल्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत करावी लागते; प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून. कारणं पटली तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते, पण ते समितीच्या हातात. बाई पीअरशी महिनोन्महिने बोलत राहते, तिला वाटतं आपण ऑफिसात सांगितलंय. कायद्याच्या लेखी तिने कुणालाच सांगितलेलं नसतं! म्हणून मुदत सांगणं हा सल्ला नव्हे, ती माहिती आहे. तक्रार करायची की नाही हे तिनेच ठरवायचं. तिला स्वतःला करणं शक्य नसेल तर घटना माहीत असलेली व्यक्ती तिच्या लेखी संमतीने करू शकते, म्हणजे गुप्तता मोडायचा प्रश्नच येत नाही. आमच्या पीअर ग्रुपमध्ये असा विषय निघाला की पहिल्याच भेटीत ही मुदत सांगायची पद्धत आहे. एचआरला ती फारशी रुचत नाही, ते असो.