मदत हवी आहे: स्कॉटलंडमध्ये स्वतंत्र हार्पवादक म्हणून काम करण्याविषयी

नमस्कार. माझी मुलगी ग्लासगो येथे हार्प या बोटांनी छेडायच्या उभ्या तंतुवाद्याचे शिक्षण पूर्ण करीत असून, कायम नोकरीऐवजी स्वतंत्र वादक म्हणून अभिजात आणि पारंपरिक स्कॉटिश अशा दोन्ही संगीतांत काम करण्याचा तिचा विचार आहे.

अडचण अशी की वाद्येच दोन आहेत. वाद्यवृंदातील पेडल हार्पला 47 तारा आणि पायाने स्वर चढवण्या-उतरवण्यासाठी 7 पेडल असतात. क्लारसाख या लहान हार्पवर साधारण 34 तारा असून अर्धा स्वर चढवण्यासाठी तारेवरची खटकी हातानेच फिरवावी लागते, म्हणजे धून चालू असतानाच एक हात क्षणभर मोकळा करावा लागतो. एकीकडे सारे स्वरलिपीत लिहिलेले, तर दुसरीकडे स्ट्रॅथस्पे आणि रील या पारंपरिक स्कॉटिश नृत्यधुना कानांनी उचलायच्या. गुरुमुखातून विद्या घेण्याच्या आपल्या पद्धतीशी जवळीक असलेले हे दुसरे अंग तिला मनापासून भावते, आणि ते सुटू नये असे मलाही वाटते.

स्कॉटलंडमध्ये स्वतंत्रपणे वादन करणाऱ्यांनी कृपया सांगावे: दोन्ही वाद्यांचा रियाझ कसा विभागावा, आणि वाद्यवृंदातील बदली वादकाची कामे, विवाहसमारंभ व शिकवण्या यांपैकी सुरुवातीला कशावर भर द्यावा? 1931 साली स्थापन झालेल्या क्लारसाख सोसायटीच्या सदस्यत्वाचा नवोदितांना कितपत उपयोग होतो? पेडल हार्पची ने-आण आणि विमा यांविषयीचा अनुभवही कळवावा.