गॉड ऑफ वॉर रॅगनारॉक : काय भिडलं, काय खटकलं?

मंडळी, २०१८ च्या गॉड ऑफ वॉर या व्हिडिओ गेमने त्याचा नायक क्रेटॉसला ग्रीसमधून उचलून नॉर्स (स्कँडिनेव्हियन) देवांच्या बर्फात आणून ठेवलं. ९ नोव्हेंबर २०२२ ला त्याचा पुढचा भाग, रॅगनारॉक, आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पीसीवरही आला. आता शांतपणे बोलायला हरकत नाही. नुसतं 'भारी' किंवा 'बोअर' नको. कुठल्या लढाईत, कुठल्या वळणावर काय वाटलं ते लिहा. फक्त शेवटच्या भागातल्या मोठ्या घटना उघड करू नका, बरेच जण अजून खेळत आहेत.

सुरुवात मीच करते. मला कोडी मनापासून आवडतात आणि बुटक्यांच्या जगातली, म्हणजे स्वार्टाल्फहाइममधली, कोडी फार सुरेख रचली आहेत. कुऱ्हाड फेकून पाण्याचा झोत गोठवायचा, मग अडलेलं चाक फिरतं, वाट मोकळी होते. कुऱ्हाड परत बोलावली की झोत पुन्हा सुरू. एवढ्या एका नियमातून किती प्रकार काढले आहेत! पण आपण तिथे पोचून मान वर करून चाक कुठे आहे, पाणी कुठून येतंय हे बघत असतो, तेवढ्यात सोबतचं पात्र 'तो झोत गोठवता येईल का?' असं सांगून मोकळं होतं. क्रेटॉसचा मुलगा अट्रेयस असो, त्याच्या कमरेला लटकणारं बोलकं मुंडकं मिमिर असो, कुणीही असो. मजा असते ती उत्तर सुचायच्या आधीच्या त्या दोन-चार मिनिटांत, आणि नेमकी तीच हिरावली जाते. कथेत मुलगा बापाला सारखा म्हणतो की माझ्यावर भरवसा ठेव. तोच भरवसा खेळाडूवर ठेवला असता तर हा माझा सर्वांत आवडता गेम झाला असता. याचा मला अजूनही राग आहे, कारण बाकी सगळं इतकं जवळचं वाटतं.

*

मी लढाईसाठी खेळतो, तेव्हा तेवढंच लिहितो.

२०१८ च्या भागात कुऱ्हाड आणि साखळीच्या ब्लेड्स होत्या, शत्रूंचे प्रकार मात्र मोजकेच. तेच ते ट्रोल रंग बदलून यायचे. इथे ती तक्रार जवळजवळ मिटली. हातातल्या शस्त्रात त्रिकोणाच्या बटणाने बर्फ किंवा आग भरता येते आणि पुढे ड्राउप्निर भाला मिळतो. भाले फेकत जायचं, ते शत्रूच्या अंगात रुतून बसतात आणि मग सगळे एकदम फोडायचे. दुरून लढण्यात क्रेटॉसला असा हात कधीच नव्हता. वाराच्या आधी दिसणारी वर्तुळंही चोख आहेत. लाल दिसलं की बाजूला उडी, पिवळ्यावर वेळ साधून ढाल, निळं दिसलं की ढालीचा धक्का मारून वार मोडायचा. ही भाषा अंगात मुरली की लढाईला ताल येतो. सुरुवातीची वीजदेव थॉरशी झुंज तर मी कितीदा पुन्हा खेळलोय. आपण मेलो असं वाटतं आणि थॉर हातोड्याने परत उठवतो, कारण त्याचं लढून झालेलं नसतं!

आता खटकलेलं. कॅमेरा क्रेटॉसच्या खांद्याला चिकटून असतो. एकास एक लढताना त्यामुळेच वार अंगावर आल्यासारखा वाटतो, पण पाच-सहा जण चालून आले की पाठीमागे काय चाललंय ते कळत नाही. बाण दाखवतात, सोबती ओरडतो, तरी फटका बसतोच. त्यात बायफ्रॉस्ट ही इंद्रधनुषी शक्ती वापरणारे शत्रू असले तर संपलंच. त्याची झळ लागून पुढचा वार बसला की आयुष्याचा मोठा तुकडा एकदम जातो. बर्सर्कर नावाच्या कठीण शत्रूंच्या थडग्यांपाशी, जिथे दोघं-तिघं एकत्र येतात, तिथे मी कौशल्यावर हरलो की कॅमेऱ्यामुळे, हे ठरवता येत नाही. कठीण लढाई मला हवीच असते. पण हरण्याचं कारण दिसलं पाहिजे.

*

मला एका कानाने ऐकू येत नाही. आवाज कुठून आला हे ओळखता येत नसल्यामुळे बरेच ॲक्शन गेम मी अर्ध्यात सोडले. यात संवादांबरोबर इतर आवाजांचीही अक्षरं दिसतात, आणि आवाज कोणत्या दिशेने आला तेही दाखवता येतं. अक्षरांचा आकार वाढवता येतो, शत्रू आणि वस्तू उठून दिसतील असे गडद रंग लावता येतात, एका बटणाने कॅमेरा पुढच्या वाटेकडे वळतो. वर कॅमेऱ्याबद्दल जे लिहिलंय ते खरं आहे, पण मला पाठीमागचा शत्रू पहिल्यांदाच 'दिसला' तो या गेममध्ये. माझ्यासाठी ही सर्वांत मोठी गोष्ट.

*

चिलखत, कंबरपट्टा, मूठ, ढाल, ताईत, त्यातले खडे, आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरांतला परिच्छेद. आकडे वाढतात, पण हातात फरक जाणवत नाही. मी निम्म्या खेळानंतर ते वाचणं सोडलं.

*

आम्ही दोघांनी मिळून खेळला, मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा. आयर्नवुड या जंगलातल्या टप्प्यावरून आमचं अजून एकमत नाही. अट्रेयस अँगरबोडा या त्याच्याच वयाच्या मुलीला भेटतो, मग दोघं फळं गोळा करतात, प्राण्यांना खाऊ घालतात, याकवर बसून रमतगमत जातात. मुलाने कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, 'बाबा, लढाई आली की हाक मारा.' मधूनच निघून दुसरीकडे जाताही येत नाही, हे त्याचं म्हणणं रास्त आहे. दुसऱ्यांदा खेळताना तो टप्पा मलाही लांबलेला वाटला.

पण पहिल्यांदा मला तो फार भावला. तोवर अट्रेयस सतत कुणाचा तरी मुलगा, कुणाच्या तरी भविष्यवाणीतला लोकी (हे त्याचंच दुसरं नाव) असतो. इथे तो फक्त त्याच्या वयाचा असतो, आणि क्रेटॉस तिथे नसतो. मुलगा आपल्या नजरेआड काय करतो, कुणाशी कसा बोलतो, हे बापाला कधी कळतच नाही. मला ते तिथे बघायला मिळालं. पुढे क्रेटॉस त्याच्यावर न ओरडता नुसतं विचारायला शिकतो, तेव्हा आयर्नवुडमुळेच मला त्याचं मोल कळलं. क्रेटॉस साकारणाऱ्या क्रिस्टोफर जज यांचा आवाज त्या प्रसंगांत इतका खाली उतरतो की मुलगाही हातातला फोन ठेवून ऐकत होता. याच कामासाठी त्यांना २०२२ च्या गेम अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार मिळाला.

*

मुख्य कथेपेक्षा आडवाटा सरस आहेत, असं माझं ठाम मत. मिमिरने पूर्वी देवांचा राजा ओडिनला खूश करण्यासाठी एका अवाढव्य देवमाशासारख्या जीवाला जखडवलं होतं. त्या साखळ्या तोडायला आपण जातो आणि वाटेत हा विनोदी, बडबड्या मिमिर हळूहळू गप्प होत जातो. अल्फहाइम या जगातल्या वाळवंटात अडकलेला हाफगुफा नावाचा प्रचंड जीव सोडवतो तो प्रसंगही तसाच. वादळ शमतं आणि सगळं वाळवंटच बदलून जातं. एवढ्या निवांतपणे बांधलेल्या गेममध्ये ज्याच्या नावावर तो उभा आहे ते रॅगनारॉकचं युद्ध मात्र घाईत उरकलंय. चौकट मोडून नऊ जगं एकमेकांवर आदळतील असं वाटत होतं. प्रत्यक्षात थोड्या भिंती, थोडे शत्रू आणि लगेच पुढचा प्रसंग. दोन भागांतच नॉर्स कथा संपवायची हा निर्णय मला पटतो, पण त्या शेवटच्या दिवसाला आणखी जागा हवी होती.

*

मी २००५ चा पहिला गॉड ऑफ वॉर खेळलेली. तेव्हाचा क्रेटॉस नुसता संताप होता. त्यामुळे १२ डिसेंबर २०२३ ला आलेला 'व्हॅल्हाला' हा मोफत भाग मला मूळ गेमपेक्षाही जास्त लागला. प्रत्येक फेरी नव्याने सुरू होते, शक्ती वेगवेगळ्या मिळतात, आणि मधे मधे क्रेटॉसला ग्रीसमधलं स्वतःचं वागणं सामोरं येतं. इथे कोडी जवळजवळ नाहीत, त्यामुळे मदतीची बडबडही नाही. तेच शत्रू फिरून येतात, तेवढं मात्र कंटाळवाणं होतं, आणि जुने भाग न खेळलेल्यांना बरेच संदर्भ लागणार नाहीत. ज्यांनी शेवट बघून गेम काढून टाकलाय त्यांनी पुन्हा उतरवून घ्या. मुख्य कथा संपवायच्या आधी मात्र त्याला हात लावू नका, शेवटातलं बरंच काही तिथे उघड बोललं जातं.