मदत हवी आहे: जिवंत माणसाच्या 'सांगाड्या'ला काय म्हणावं?

नमस्कार. मी शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांबरोबर दोन मोठे फलक करतेय. एक आपल्या शरीरातल्या हाडांचा, दुसरा इनामगावच्या उत्खननाचा. मजकूर झालाय, चित्रंही झालीत. अडलंय ते पहिल्या फलकाच्या मथळ्यावर.

सहावीतल्या एका मुलीने प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या सांगाड्याची बोटं हातात धरून विचारलं, "बाई, सांगाडा मेल्यावर होतो ना? मग माझ्या अंगात आत्ता काय आहे?" 'अस्थिसंस्था' हा पुस्तकातला शब्द तिला पाठ होता, पण त्यानं तिचं समाधान होईना.

तिची शंका मला फार रास्त वाटते. इंग्रजीतला 'स्केलेटन' सोळाव्या शतकात लॅटिनमार्गे ग्रीकमधून आला. मूळ 'स्केलेटॉस' म्हणजे वाळलेला, सुकलेला. ग्रीकांच्या लेखी तो सुकून गेलेला देह होता. म्हणजे तिथेही शब्दाची सुरुवात मरणापासूनच.

आपल्या 'सांगाड्या'ची गोष्ट जरा वेगळी आहे. 'आगीत बसचा फक्त सांगाडा उरला' असं आपण पेपरात वाचतो, तेव्हा सांगाडा म्हणजे सगळं गेल्यावर राहिलेलं. पण दिवाळीत कामट्या बांधून आकाशकंदिलाचा सांगाडा आधी करतो आणि कागद मग चिकटवतो. इमारतीचाही सांगाडा आधी उभा राहतो, भिंती नंतर. हा दुसरा अर्थ मुलांच्या डोक्यात बसावा असं मला मनापासून वाटतं, कारण हाड जिवंत असतं. मोडलं तर सांधतं, त्याच्या मगजात रक्तपेशी तयार होतात. जन्मलेल्या बाळाला ३०० च्या आसपास हाडं असतात, ती वाढताना एकमेकांना जुळत मोठेपणी २०६ होतात. वाळक्या वस्तूत हे घडत नाही.

बाकीचे शब्दही तपासून पाहिले. 'सापळा' म्हटलं की मुलांना उंदीर आठवतो, किंवा लाचखोराला पकडायला रचलेला सापळा. शिवाय 'नुसता हाडांचा सापळा झालाय' हे आपण आजारातून उठलेल्या माणसाबद्दल बोलतो. 'कंकाल' जीवशास्त्राच्या पुस्तकांत ठीक, खेकड्याच्या कवचाला बाह्यकंकाल म्हणतात, पण गावात तो कुणी बोलत नाही. 'अस्थिपंजर' मात्र मला आवडतो. पंजर म्हणजे पिंजरा, आणि छातीचा पिंजरा सगळ्यांना माहीत असतो. फक्त मुलांच्या तोंडात तो जड जातो.

इनामगावच्या फलकाला ही अडचण नाही, तिथे 'सांगाडा'च योग्य. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचं उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडली. चार पायांच्या मातीच्या एका मोठ्या रांजणात बसलेल्या स्थितीतला एक पुरुषही सापडला. आमच्याच तालुक्यातलं असल्यामुळे मुलं हे जीव लावून रंगवताहेत.

तर विचारायचं असं: तुमच्या भागात, तुमच्या बोलीत, जिवंत माणसाच्या हाडांच्या चौकटीला काय म्हणतात? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून सांगितलंत तर फार बरं होईल. फलक येत्या सोमवारी रंगवायला घ्यायचे आहेत.

प्रतिसाद १

ताई, मी आयुर्वेदाचा वैद्य. 'सांगाडा' बदलू नका, त्याच्या खाली हाडांची नावं लिहा, शब्द आपोआप जिवंत होईल. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितलेत: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. रुचक म्हणजे दात. नलक म्हणजे नळीसारखी लांब हाडं, हे मुलांना लगेच कळेल. आणि कूर्चेला, म्हणजे नाक-कानातल्या मऊ हाडाला, आपल्याकडे 'तरुण' अस्थी म्हटलंय, ते तर तुमच्या मुद्द्याला अगदी धरून आहे. सुश्रुत ३०० हाडं मोजतो, चरक ३६०, कारण चरकाने दातांच्या खोबण्या आणि नखंही धरली आहेत. हा आकडा २०६ च्या शेजारी लिहा, मुलं स्वतः मोजायला लागतील.

प्रतिसाद २

वैद्यांशी सहमत. आमच्या आजीच्या तोंडी 'हाडकं' असायचं, 'हाडकं दुखतात', 'हाडकं मोकळी झाली'. जिवंत माणसासाठी हाच शब्द होता, सांगाडा कधीच नाही. आणखी एक सुचवतो. शिल्पांत शिवाजवळ नुसत्या हाडांचा भृंगी दिसतो, त्याचं चित्र लावा. त्याने पार्वतीला प्रदक्षिणा घालायचं नाकारलं म्हणून तिने त्याचं मांस-रक्त काढून घेतलं, कारण मांस-रक्त आईकडून आणि हाडं बापाकडून येतात अशी समजूत होती. उभं राहता येईना म्हणून शिवाने त्याला तिसरा पाय दिला. हाडांचा असूनही तो जिवंत आहे!

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. भृंगी पहिल्या फलकावर घेतेच, त्या मुलीलाच काढायला सांगते. मथळा सध्या 'आपल्या अंगातला सांगाडा' असा ठरवतेय, खाली 'जिवंत हाडकांची चौकट' ही ओळ. नलक आणि तरुण चित्रात बाण दाखवून लिहू. कोकण, खानदेश आणि विदर्भातले शब्द अजून हवे आहेत, कुणाला माहीत असतील तर कृपया लिहा.