साथीच्या काळातले हॉटस्पॉट-लॅपटॉप: ईसीएफची तपासणी आली आहे, आणि पुढे ई-रेटमधून काय मिळेल?

मिडलसेक्सकर

न्यू जर्सीतल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाच्या विश्वस्त मंडळातर्फे विचारतो आहे. २०२१ मध्ये इमर्जन्सी कनेक्टिव्हिटी फंड, म्हणजे ईसीएफमधून वाचनालयाने ४० हॉटस्पॉट (मोबाइल सिमवर वाय-फाय देणारी छोटी यंत्रं) आणि २५ लॅपटॉप घेतले होते. घरी इंटरनेट नसलेल्या वाचकांना ते उसने दिले जात. योजना ३० जून २०२४ ला संपली. आता या निधीचा कारभार बघणाऱ्या यूसॅक संस्थेकडून कागदपत्रं मागणारं पत्र आलं आहे आणि त्या वेळी हे काम बघणाऱ्या ग्रंथपाल निवृत्त झाल्या आहेत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तपासणीत नेमकं काय बघतात? ही यंत्रं आता विकता किंवा कुणाला देता येतात का? आणि हॉटस्पॉटचा मासिक खर्च ई-रेटमधून, म्हणजे शाळा-वाचनालयांच्या इंटरनेट सवलत योजनेतून, मिळणार असं ऐकलं होतं, ते अजून लागू आहे का? इमारत ४,८०० चौरस फूट, ई-रेटची सवलत ७० टक्के.

दप्तरदार

आधी एक घोळ दूर करू, कारण उत्तरं लिहिताना तो हमखास नडतो. ईसीएफ आणि ई-रेट या दोन वेगळ्या योजना आहेत. ई-रेट १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यातून आली. तिचा पैसा युनिव्हर्सल सर्व्हिस फंडातून येतो, २० ते ९० टक्के सवलत मिळते आणि ती इमारतीतल्या जोडणीसाठी आहे. ईसीएफचा पैसा मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनमधून आला: ७.१७१ अब्ज डॉलर, एकदाच, १०० टक्के अनुदान, आणि तेही इमारतीबाहेरच्या वापरासाठी. दोन्हींचा कारभार यूसॅककडेच होता आणि फॉर्मचे क्रमांकही तेच, अर्जाचा ४७१ आणि पैसे मागण्याचे ४७२, ४७४. त्यामुळे लोक ई-रेटचे कागद काढून ईसीएफच्या तपासणीत देतात. पत्रावरचा अर्ज क्रमांक बघा आणि फक्त त्याच अर्जाची फाइल उघडा.

तपासणीचा गाभा म्हणजे यंत्रांची नोंदवही. प्रत्येक यंत्रासाठी प्रकार, कंपनी व मॉडेल, सीरियल नंबर, कोणाला दिलं, कधी दिलं, कधी परत आलं, इतकं लागतंच. हरवलं, मोडलं किंवा चोरीला गेलं असेल तर त्याचीही ओळ हवी. हे सगळं १० वर्षं जपायचं आहे. शेवटची सेवा जून २०२४ ची असेल तर २०३४ च्या उन्हाळ्यापर्यंत त्या फायलीला हात लावू नका. योजना संपली तेव्हा अनेकांनी फायलीही बांधून ठेवल्या. तिथेच चूक झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे गरजेचा पुरावा. हा पैसा फक्त अशांसाठी होता, ज्यांना एरवी पुरेसं साधन किंवा जोडणी मिळाली नसती. म्हणून वाचनालयाने उसनं देताना वाचकाची सही घ्यायची होती, की माझ्याकडे दुसरी सोय नाही. ते सहीचे कागद शोधा. ऑनलाइन अर्जात टिक करून घेतलं असेल तर त्या अर्जाचा मजकूर आणि तारीखवार निर्यात काढा. शाळांचं इथे जास्त अडतं. अर्ज करताना अंदाजाने संख्या लिहिलेली चालत होती, पण पैसे मागताना खरोखर गरज असलेल्या विद्यार्थ्यांपुरतेच मागायचे होते. सरसकट सगळ्यांना लॅपटॉप वाटून सगळ्यांचं बिल लावलं असेल, तर जास्तीचा भाग परत द्यावा लागतो.

तिसरं, रकमा. हॉटस्पॉटला कमाल २५० डॉलर आणि लॅपटॉपला कमाल ४०० डॉलर अशी मर्यादा होती. तुमच्या संख्येने यंत्रांवरचं अनुदान जास्तीत जास्त १०,००० अधिक १०,००० होतं, बाकी मासिक सेवा. लॅपटॉप ४६० चा घेतला असेल तर वरचे ६० वाचनालयाच्या खिशातून गेल्याचं बँकेच्या उताऱ्यात दिसायला हवं. एका व्यक्तीला एकच हॉटस्पॉट आणि एकच लॅपटॉप. त्याच खर्चासाठी दुसऱ्या केंद्रीय निधीतून पैसे घेतलेले चालत नाहीत. ग्रंथालयांना त्याच कायद्याने आयएमएलएस या संग्रहालय-ग्रंथालयांच्या केंद्रीय संस्थेमार्फत वेगळे २० कोटी डॉलर मिळाले होते. राज्य ग्रंथालयाकडून तसं काही आलं असेल तर ते कशावर खर्च झालं हे वेगळं दाखवा.

नोंदवही अपुरी असेल तर ती आता मनाने भरू नका. उपलब्ध पुराव्यांवरून उभी करा. विक्रेत्याच्या बिलाबरोबर सीरियल नंबरची यादी येते, नसेल तर त्यांच्याकडून मागवा. मोबाइल कंपनीच्या पोर्टलवर यंत्राचा आयएमईआय क्रमांक, सिम आणि महिनावार डेटा वापर असतो. तो आधी उतरवून घ्या, कारण खातं बंद झालं की पोर्टलही बंद होतं. देवघेवीच्या संगणक प्रणालीत बारकोडवार तारखा असतात. मात्र बऱ्याच प्रणाली पुस्तक परत आलं की वाचकाचं नाव पुसतात, तेव्हा तारखा मिळतील, नावं मिळतीलच असं नाही. या तिन्ही याद्या सीरियल नंबरावर जुळवा आणि वर ठळक लिहा की ही वही अमुक तारखेला अमुक स्रोतांवरून पुन्हा तयार केली. मागची तारीख टाकून केलेली नोंद हा अपुऱ्या नोंदीपेक्षा कितीतरी गंभीर दोष आहे.

पत्रात दिलेली मुदत पाळा. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपायच्या आत लेखी वाढ मागा. निर्णय विरुद्ध गेला तर ईसीएफमध्ये अपिलाला ३० दिवस असतात, ई-रेटसारखे ६० नाहीत. हा फरक विसरून लोक अपिलाचा हक्क घालवतात.

वाचनखूण

दप्तरदारांनी लिहिलेल्या नावांच्या मुद्द्यावर थोडं थांबा. न्यू जर्सीत वाचकाची ओळख उघड करणाऱ्या ग्रंथालयीन नोंदी कायद्याने गोपनीय आहेत. वही पूर्ण ठेवा, पण पाठवताना वाचकाच्या नावाऐवजी कार्ड क्रमांक किंवा तुम्ही दिलेला सांकेतिक क्रमांक घातलेली प्रत चालेल का, हे तपासणी अधिकाऱ्याला ईमेलने विचारा आणि उत्तर फाइलला लावा. नावंच हवीत असं म्हणाले तर पाठवण्याआधी वाचनालयाच्या वकिलांना दाखवा. आणि कोणत्याही परिस्थितीत साध्या ईमेलला नावांची यादी जोडू नका. कोणाच्या घरी इंटरनेटचे पैसे भरायची ऐपत नव्हती याची ती यादी आहे. त्या माणसांनी वाचनालयावर विश्वास टाकला होता.

अयोग्य मजकूर अडवणाऱ्या फिल्टरचं विचारतील. वाचनालयाच्या मालकीच्या लॅपटॉपवर सीआयपीए या मुलांच्या इंटरनेट संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे फिल्टर हवा होता. वाचकाने स्वतःचा संगणक किंवा फोन हॉटस्पॉटला जोडला तर त्याला ती अट नव्हती. फिल्टरच्या सॉफ्टवेअरचं बिल आणि धोरणाचा मंडळाने केलेला ठराव, दोन्ही ठेवा.

मिडलसेक्सकर

दोघांचेही आभार. पोर्टल अजून उघडतं, वापराच्या याद्या काढायला सुरुवात केली. त्यात असं दिसतं की सहा हॉटस्पॉट काही महिने कुणालाच दिलेले नव्हते, पण त्यांचं मासिक बिल लावलेलं आहे. याचं काय करायचं?

दप्तरदार

ते स्वतःहून सांगा. कपाटात पडून असलेल्या यंत्रांच्या सेवेचे पैसे मागायला मनाई होती आणि शून्य वापराचा महिना कंपनीच्या यादीत कुणालाही दिसतो. प्रत्येक सीरियल नंबरासमोर शून्य वापराचे महिने मांडा, दर महिन्याच्या दराने गुणा, रक्कम काढा. दोन उसनवारींमधले आठ-दहा दिवस, स्वच्छ करून पुन्हा चार्ज करण्याचा वेळ, हे पडून राहणं नव्हे. ते वेगळं दाखवा. सलग महिने असतील तर तेवढी रक्कम परत करण्याची तयारी उत्तरातच लिहा. सहा यंत्रांची रक्कम छोटी असते. तपासणाऱ्याने शोधून काढली तर मात्र तो बाकी ३४ यंत्रांकडेही त्याच नजरेने बघतो.

विक्रीबद्दल: ईसीएफच्या नियमात तीन वर्षं पूर्ण झालेलं यंत्र कालबाह्य धरतात. त्यानंतर ते विकता, दान देता किंवा मोडीत काढता येतं. त्याआधी पैसे किंवा मोबदला घेऊन देता येत नाही. तीन वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजू नका, यंत्र हातात आल्याच्या तारखेपासून मोजा. पण सध्याची तपासणी मिटेपर्यंत एकही यंत्र बाहेर काढू नये असं माझं मत आहे, कारण प्रत्यक्ष मोजणीला येऊ शकतात. नंतर काढताना वहीत तारीख आणि कुठे गेलं ते लिहा. लॅपटॉप कचऱ्यात टाकायला न्यू जर्सीत २०११ पासून बंदी आहे, ई-कचरा केंद्रावर द्या. हॉटस्पॉट वर्षानुवर्षं चार्जरला लावून ठेवले की बॅटरी फुगते. पाठीचं झाकण उचललेलं दिसलं तर चार्ज करू नका, दाबू नका, बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

तारजोडणी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आता लागू नाही. जुलै २०२४ मध्ये एफसीसीने, म्हणजे केंद्रीय दूरसंचार आयोगाने, ई-रेटमधून उसन्या हॉटस्पॉटना मान्यता दिली होती, त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये स्कूल बसमधल्या वाय-फायला. ३० सप्टेंबर २०२५ च्या मतदानात आयोगाने दोन्ही मागे घेतले. ई-रेट स्वतः मात्र भक्कम उभी आहे. युनिव्हर्सल सर्व्हिस फंड घटनाबाह्य आहे हा दावा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला. हॉटस्पॉटचा निर्णय मला चुकीचा वाटतो. ज्या मुलाचा गृहपाठ वाचनालय बंद झाल्यावर सुरू होतो, त्याला इमारतीतल्या वेगाचा काय उपयोग?

तरी इमारतीच्या आवारात बरंच करता येतं. मार्च २०२० मध्ये, सगळं बंद असताना, एफसीसीने स्पष्ट केलं होतं की शाळा-वाचनालयांनी वाय-फाय चालू ठेवून लोकांना वापरू दिलं तरी ई-रेटचे पैसे जाणार नाहीत. लोक पार्किंगमध्ये गाडीत बसून ते वापरत. तोच मार्ग आता नीट बांधून घ्या. आवारातलं बाहेरचं ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारं यंत्र, ई-रेटच्या कॅटेगरी टू या आवारातल्या नेटवर्क साहित्याच्या गटात बसतं.

तुमचं गणित असं. २०२६ ते २०३० या पाच वर्षांच्या चक्रात या गटासाठी वाचनालयाला चौरस फुटामागे ५.४ डॉलरच्या आसपास धरतात, पण किमान मर्यादा ३०,१७५ डॉलर आहे. ४,८०० चौरस फुटांना किमानच लागू होते. ही सवलतीआधीची रक्कम. ७० टक्क्यांनी यूसॅक २१,१२२.५० देईल आणि वाचनालयाला ९,०५२.५० घालावे लागतील. पाच वर्षांसाठी एवढंच, म्हणून पहिल्याच वर्षी सगळं उडवू नका. नेटवर्कचे स्विच मध्येच बिघडतात.

बाहेरच्या जागेसाठी पार्किंगकडच्या भिंतीवर १० ते १२ फुटांवर एक किंवा दोन बाहेरची ॲक्सेस पॉइंट पुरतात. बाहेर वापरायची म्हणून दर्जा आयपी६७ चा, धूळ-पाणी न शिरणारा, घ्या, आतलं यंत्र डब्यात घालून लावू नका. ते उन्हाळ्यात तापून बंद पडतं आणि डबा धातूचा असेल तर सिग्नलही अडतो. वीज त्याच नेटवर्क केबलमधून द्यायची, तर स्विचचं पोर्ट ८०२.३एटी, ३० वॉटचं लागेल. जुना १५ वॉटचा स्विच असेल तर यंत्र सुरू होतं पण एखादा रेडिओ बंद ठेवतं, आणि मग आठवडाभर कारण सापडत नाही. केबल कॅट ६, बाहेरच्या आवरणाची, १०० मीटरच्या आत. भिंतीतून आत येते तिथे सर्ज प्रोटेक्टर, आणि त्याला अर्थिंग. पाहुण्यांचं जाळं कर्मचाऱ्यांच्या जाळ्यापासून वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरच्या स्वतंत्र विभागावर) ठेवा. रात्री ते बंद करणारं वेळापत्रक कुठे सेट केलेलं नाही ना, हेही बघा.

आता क्रम. ई-रेटच्या अर्जांच्या ईपीसी पोर्टलवर निविदा मागवणारा फॉर्म ४७० टाका, त्यात कंपनीचं नाव लिहिलंत तर "किंवा तत्सम" लिहायलाच हवं. मग पूर्ण २८ दिवस थांबा, करारावर सही २९ व्या दिवशी किंवा नंतर. निविदांच्या तक्त्यात किमतीला सगळ्यात जास्त गुण हवेत. किंमत ३० आणि अनुभवही ३० असं झालं की अर्ज बाद. किंमत ४०, बाकीचे तीन मिळून ६० असं ठेवा. नंतर फॉर्म ४७१, त्याची खिडकी साधारण जानेवारीच्या मध्याला उघडते आणि मार्चअखेरीस बंद होते. मंजुरी आली की सेवा सुरू झाल्याचं कळवणारा फॉर्म ४८६, सेवा सुरू झाल्यापासून किंवा मंजुरीपत्रापासून १२० दिवसांत, जे उशिरा असेल ते. छोटी वाचनालयं सगळ्यात जास्त पैसे इथेच गमावतात, मंजुरी मिळाली म्हणजे काम झालं असं वाटतं.

इमारतीत येणाऱ्या इंटरनेटसाठी एक सोपी वाट आहे. सवलतीआधीचा वर्षाचा खर्च ३,६०० डॉलरच्या आत असेल, जोडणी सर्वांना मिळते तशी व्यावसायिक असेल, आणि वेग डाउनलोडला किमान १०० एमबीपीएस व अपलोडला किमान १० असेल, तर फॉर्म ४७० आणि निविदा लागत नाहीत. थेट ४७१.

वाचनखूण

हॉटस्पॉट बंद करण्याआधी ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना किमान महिनाभर आधी कळवा. घरच्या इंटरनेटसाठी महिन्याला ३० डॉलर देणारी एसीपी योजना १ जून २०२४ ला संपली, पण कमी उत्पन्नाच्या घरांना फोन-इंटरनेटवर सवलत देणारी लाइफलाइन चालू आहे, महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत. स्नॅप (सरकारी अन्नमदत) किंवा मेडिकेड (सरकारी आरोग्यविमा) असलेलं घर त्यात बसतं, एका घराला एकच. अर्जाचा कागद भरायला काउंटरवर मदत ठेवा. दहा-बारा हॉटस्पॉट स्थानिक देणगीतून चालू ठेवता आले तर आधी शाळकरी मुलं असलेल्या घरांना द्या, उसनवारीची मुदत तीन आठवड्यांऐवजी सत्रभर ठेवा.