मदत हवी आहे: जुन्या काँक्रीट पदपथावरील कंत्राटदाराचा ठसा दुरुस्तीत कसा वाचवावा?

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियात बर्कलीला लागून असलेल्या ऑल्बनी या छोट्या शहरात आम्ही राहतो. आमच्या दारासमोरच्या पदपथाची एक लादी झाडाच्या मुळांमुळे एका बाजूने सुमारे इंचभर वर आली असून ती दुरुस्त करण्याची नोटीस मिळाली आहे. (पदपथ सार्वजनिक असला तरी त्याची देखभाल लगतच्या घरमालकाने करावी, असे या राज्याचा 1911 चा कायदा सांगतो.) अडचण अशी की, नेमक्या वर आलेल्या कडेपाशी पदपथ घालणाऱ्या कंत्राटदाराच्या नावाचा आणि 1926 सालाचा ठसा आहे.

कोकणातल्या मंगलोरी कौलावर कारखान्याचे नाव असते, तसाच हा प्रकार. काँक्रीट अर्धवट घट्ट झाले की धातूचा साचा त्यावर ठोकून नाव उमटवत. ऑक्लंड-बर्कली परिसरात असे ठसे पुष्कळ आहेत. काहींत कंत्राटदाराचा पत्ता, तर काहींत कामगार संघटनेची खूणही सापडते. 1908 साली नगरपालिका झालेल्या आमच्या शहरात कोणती गल्ली केव्हा आकाराला आली, याचा हा जागेवरचा पुरावा असल्यामुळे केवळ छायाचित्र काढून लादी फोडणे मला पटत नाही.

घासून कड उतरवली तर ठसाच जाईल. लादी उचलून मुळे छाटायची म्हटली, तर ती तडकण्याची आणि झाडालाही इजा होण्याची भीती वाटते. शिवाय त्या काळी पदपथ बहुधा दोन थरांत घालत: खाली कमी सिमेंटचे जाड काँक्रीट आणि वर सिमेंट-वाळूचा जेमतेम इंचभर गिलावा. ठसा या वरच्या थरात असल्याने ठोकाठोकीत तो पापुद्र्यासारखा सुटू शकतो.

स्थापत्य अभियंते किंवा जुन्या बांधकामांच्या जतनाचे काम केलेल्या सभासदांना माझे प्रश्न असे आहेत. वर आलेल्या लादीला हात न लावता शेजारची खालची लादी तिच्याखाली ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) भरून उचलली आणि उरलेला उतार पुढच्या लाद्यांत हळूहळू मुरवला, तर ते काम टिकेल का? इथल्या अपंगांसाठीच्या नियमांनुसार पाव इंचापर्यंतची उभी पायरी तशीच चालते आणि अर्ध्या इंचापर्यंतची कड तासून चालते, म्हणजे तेवढी अचूकता साधायला हवी. ते शक्य नसल्यास ठशाभोवतीचा चौकोन हिऱ्याच्या पात्याने लादीच्या पूर्ण जाडीतून कापून नव्या काँक्रीटमध्ये बसवताना दोन्ही थर एकत्र राहावेत, यासाठी कापण्यापूर्वी काय करावे? पातळ इपॉक्सी (घट्ट होणारी कृत्रिम राळ) मुरवणे उपयोगी पडते, की त्याने पृष्ठभाग कायमचा काळपट दिसतो?

सॅन डिएगोत पदपथ दुरुस्त करताना असे ठसे जपतात. तिथल्या कामाच्या निविदेतील यासंबंधीचा मजकूर कोणाकडे असल्यास कृपया इथे द्यावा. आमच्या कंत्राटदाराला तोंडी सूचनांपेक्षा लेखी तपशील हवा आहे.