जुन्या टिपरला इलेक्ट्रिक केलं तर रस्त्यावर पासिंग मिळतं का?

डिचोलीचा_टिपर
नमस्कार मंडळी, माझा सहाचाकी टिपर आहे, खाणी बंद पडल्यापासून चिरे, रेती, खडी मिळेल ते भाडं मारतोय. आता इकडे गोव्यात खाणींची माती (खनिज) परत निघायला लागलीय आणि डोक्यात एक गोष्ट घोळतेय. आपल्याकडे भरलेली गाडी डोंगरावरच्या खाणीतून खाली नदीवरच्या बार्जच्या धक्क्याकडे येते आणि रिकामी वर जाते, म्हणजे उतारावर ब्रेक तापून जी ताकद फुकट जाते ती बॅटरीत भरता येईल ना? फोंड्याचा एक इंजिनियर मुलगा म्हणतो डिझेल इंजिन, गिअरबॉक्स काढून मोटर बॅटरी बसवून देतो. पण पासिंगचं काय? ऑफिसात विचारलं तर एक साहेब म्हणाले करून आणा मग बघू, दुसरे म्हणाले होणारच नाही. सोसायटीचं कर्ज काढायच्या आधी कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा प्लीज.

वेर्णा_फॅब्रिकेटर
"करून आणा मग बघू" हे अजिबात ऐकू नका दादा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीवर जे लिहिलंय त्यात असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या केसमध्ये हेच परत ठणकावलंय. पण "होणारच नाही" हेही खरं नाही, वाट आहे ती मंजूर किटची, म्हणजे जुन्या गाडीत बसवायच्या मोटर-बॅटरीच्या तयार संचाची. ती मंजुरी आरटीओच्या हातात नसतेच, ती केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खालच्या टेस्टिंग एजन्सीकडून येते, पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट, नगरची व्हीआरडीई वगैरे. डिझेलची पूर्ण इलेक्ट्रिक करायचं स्टँडर्ड आहे एआयएस १२३ चा भाग ३. किट कुठल्या मॉडेलसाठी मंजूर ते सर्टिफिकेटवर असतं, आणि बसवायचं ते किटवाल्याच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच. आरटीओ ते कागद तपासतो, गाडी बघतो आणि आरसीवर इंधन बदलून देतो.

म्हणून त्या मुलाला एकच विचारा, सर्टिफिकेट दाखव आणि त्यात माझं मॉडेल दाखव. नसेल तर इंजिनला हात लावू देऊ नका. ब्रेकच्या टेस्ट, बॅटरीच्या टेस्ट, वायरिंगच्या टेस्ट हे सगळं एका गाडीसाठी एका मालकाला झेपत नाही, ते किट बनवणाऱ्याचं काम.

कुडचडे_ईव्ही
उताराचा हिशोब मांडतो कारण सगळे तिथेच भुलतात. जुन्या सहाचाकीच्या आरसीवर एकूण वजन १६.२ टन असतं. तेवढी भरलेली गाडी १०० मीटर उंचीवरून खाली आली तर साधारण साडेचार युनिट ऊर्जा मोकळी होते, त्यातली अडीच-तीन बॅटरीत आली तरी खूप. आणि सपाट रस्त्यावर तीच गाडी किलोमीटरला एक युनिटच्या आसपास खाते. म्हणजे खाण उंचावर आणि धक्का जवळ असेल तर फायदा चांगला, पण उतारानंतर लांब सपाट रस्ता असेल तर रात्री चार्जिंग लागणारच.

अजून एक, वर खाणीवर बॅटरी फुल्ल करून उतरायचं नाही. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज जायला जागाच नसते, मग सगळा भार परत साध्या ब्रेकवर, आणि पावसात आपले उतार कसे असतात ते सांगायला नको. वजनही बघा, २५० युनिटची बॅटरी दीड ते दोन टन भरते. इंजिन, गिअरबॉक्स काढून थोडं वजन वाचतं, पण आरसीवरचं एकूण वजन काही वाढत नाही, म्हणजे टनभर माल दर खेपेला कमी.

डिचोलीचा_टिपर
टनभर कमी म्हणजे खेपेमागे पैसे तुटणार. मग नवीनच इलेक्ट्रिक टिपर घेतला तर?

फोंडा_ट्रान्सपोर्ट
नवीन गाडीत मंजुरीची कटकट कंपनीने आधीच केलेली असते, डीलर फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला) देतो आणि सरकारच्या नोंदणीच्या 'वाहन' पोर्टलवर मॉडेल असतंच. २०१८ पासून बॅटरीवरच्या मालगाडीला परमिट लागत नाही, २०२१ पासून नोंदणी फीही माफ. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह अनुदान योजनेत ई-ट्रकला ५०० कोटी ठेवलेत, एका गाडीला जास्तीत जास्त ९.६ लाख, पण जुना ट्रक भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. आणि हे पैसे नवीन गाडीलाच, रेट्रोफिटला, म्हणजे जुन्या गाडीत किट बसवायला नाहीत. अडचण किमतीची, आमच्यासारख्या एक-दोन गाड्यांच्या मालकाला बँक त्यासाठी लवकर कर्ज देत नाही.

सांगे_खाणवाट
सरळ उपाय सांगू का, गाडी खाणीच्या लीजच्या (भाडेपट्ट्याच्या) हद्दीतच फिरवायची. कारखान्याच्या किंवा बंद आवाराच्या आतच वापरायला बनवलेलं वाहन कायद्याच्या व्याख्येत 'मोटार वाहन' नाहीच, कलम २(२८) वाचा. स्वित्झर्लंडमध्ये असा मोठा इलेक्ट्रिक डंपर सिमेंटच्या खाणीत चालतो, डोंगरावरून भरून उतरतो.

वेर्णा_फॅब्रिकेटर
बाब, ती वाट ह्यांना चालणार नाही. ते कलम खास तशाच वापरासाठी बनवलेल्या वाहनाला आहे. खाणीतल्या डंपरवरसुद्धा सेंट्रल कोलफील्ड्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये सांगितलं की ती मोटार वाहनंच. ह्यांच्या टिपरला तर आरसी आहे, नंबर आहे, तो रस्त्यासाठीच बनलेला. आणि आपल्याकडे खाण ते धक्का वाट गावातून जाते, शाळेसमोरून जाते, तिथे विनामंजुरी बॅटरी घेऊन भरलेली गाडी उतरवणं मला मान्य नाही. काही झालं तर विमावाला पहिला हात वर करेल.

दादा, करायचंच असेल तर डिचोली, पाळी, उसगाव पट्ट्यात तुमच्याच मॉडेलचे टिपर किती आहेत ते बघा आणि मालकांनी मिळून किटवाल्या कंपनीला यादी द्या. गाड्या जास्त असतील तर ते मॉडेल मंजुरीत घालायला त्यांनाही परवडेल. तोपर्यंत वजनकाट्यावर जाऊन रिकाम्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं करून पावत्या ठेवा, बॅटरी कुठे बसवायची ते त्या आकड्यांवरच ठरतं आणि कोणीही किटवाला पहिल्यांदा तेच मागतो.